उन्हाळ कांद्याची साठवण: जुन्या समजुती कशा तपासायच्या आणि कोणत्या सोडायच्या

एप्रिल निम्मा झाला की निफाड, येवला, चांदवड, देवळा, सटाणा, कळवण भागात घरोघरी एक बोलणे ठरलेले असते. आबा म्हणतात, अजून एक पाणी द्या, कांदा वजन धरेल. पोरगा म्हणतो, पाणी तोडू, माल साठवायचा आहे. आबांचा नियम ज्या काळात तयार झाला त्या काळात बराचसा कांदा काढणीनंतर थोड्याच दिवसांत लिलावात जायचा आणि तिथे वजनाला पैसे मिळायचे. आता तोच कांदा ऑक्टोबरपर्यंत चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, राहायचा असतो. काम बदलले आणि नियम तसाच राहिला. चाळीत होणारे बरेच नुकसान इथून सुरू होते.

जुनी समजूत सोडायची तर आधी ती कशासाठी तयार झाली होती ते शोधावे लागते. वहीच्या एका पानावर घरात चालत आलेले नियम लिहून काढा. पाणी कधी तोडायचे, युरिया किती, पात कुठून कापायची, चाळ किती उंच भरायची, माल कधी विकायचा. प्रत्येक नियमासमोर त्याची परिस्थिती लिहा. तेव्हा जात कोणती होती, कांदा किती एकर होता, काढणी घरची माणसे करायची की टोळी, विक्री कोणत्या महिन्यात व्हायची, पाऊस कधी यायचा. ही परिस्थिती आज आपल्या वावरात असेल तर नियम ठेवा, उगाच हात लावू नका. नसेल तर तो मोडायचा, पण पहिल्या वर्षी चाळीच्या एकाच खणात (कप्प्यात).

नाशिक जिल्ह्यापुरते बघितले तर चार गोष्टी नक्की बदलल्या आहेत. सगळ्यात मोठी पावसाची. मे महिना कोरडा जाणार या भरवशावर आपली निम्मी पद्धत उभी आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने उभी पिके झोडपली. २०२५ मध्ये तर मे महिनाभर पाऊस होता आणि २६ मे रोजीच मोसमी वारे मुंबईत पोचले. वावरात पोळ (काढलेल्या कांद्याचा ढीग) घालून पंधरा दिवस निवांत राहण्याचे दिवस आता गृहीत धरता येत नाहीत. दुसरी गोष्ट खताची. शेणखत कमी झाले, युरिया वाढला. तिसरी मजुरीची. काढणी-कापणी उक्ती, म्हणजे ठरावीक रकमेत ठेक्याने, दिली की मजुरांच्या टोळीला एकर उरकायचा असतो, मान (कांद्यावरचा पातीचा बुडखा) किती ठेवायची हे सांगितल्याशिवाय कोणी बघत नाही. चौथी विक्रीची, तिच्याबद्दल शेवटी सविस्तर.

साठवण वावरात सुरू होते

चाळ चांगली बांधली की कुठलाही कांदा टिकतो, ही समजूत पहिली सोडा. खरिपाचा लाल कांदा आणि रांगडा (उशिराच्या खरिपाचा) कांदा महिना-दीड महिन्यापलीकडे धरता येत नाही, कितीही सुकवला तरी. टिकतो तो फिकट लाल रंगाचा उन्हाळ कांदा. पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रातून आलेला एन-२-४-१, अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड, भीमा किरण, भीमा शक्ती या साठवणीच्या जाती. ज्या बियाण्याची खात्री नाही त्याचा कांदा साठवणीच्या हिशेबात धरू नका.

खताचे सांगायचे तर राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची रब्बी कांद्याची शिफारस हेक्टरी ११० किलो नत्र, ४० स्फुरद, ६० पालाश आणि ४० किलो गंधक अशी आहे, शेणखत वेगळे. एकराला साधारण ४४ किलो नत्र होते. सगळे नत्र युरियातून दिले तरी ते ९६ किलोच्या आसपास भरते, म्हणजे ४५ किलोच्या दोन गोण्या आणि वर थोडे. लागवडीला १०:२६:२६ किंवा डीएपी खत टाकले असेल तर त्यातले नत्र यातून वजा करायचे. एक तृतीयांश लागवडीच्या वेळी आणि उरलेले ३० व्या आणि ४५ व्या दिवशी दोन भागांत द्यावे. साठ दिवसांनंतर नत्राचा दाणाही टाकू नका.

उशिरा दिलेला युरिया पात हिरवी ठेवतो आणि आपल्याला पीक जोमदार दिसते. पण हिरवी पात म्हणजे जाड मान. जाड मान वेळेवर पडत नाही, सुकतानाही बंद होत नाही, आणि उघड्या मानेतून बुरशी थेट कांद्याच्या गाभ्यात जाते. चाळीतला जो कांदा वरून चांगला दिसतो आणि दाबला की मानेतून पाणी सोडतो, त्याची सुरुवात बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चच्या युरियात असते. गंधकाकडे मात्र आपले दुर्लक्ष असते. तिखटपणा आणि टिकाऊपणा दोन्हीला गंधक लागते. एकरी १६ किलो गंधक लागवडीपूर्वीच जमिनीत जायला हवे.

पाणी काढणीच्या १० ते १५ दिवस आधी तोडा. हलक्या मुरमाड जमिनीत १० दिवस पुरतात, काळ्या भारी जमिनीत १५ धरा. त्या शेवटच्या पाण्याने कांदा वजन धरतो हे आबांचे म्हणणे खरे आहे. ज्या ट्रॉल्या काढल्याबरोबर बाजारात जायच्या आहेत त्या वाफ्यांना ते पाणी द्यायला हरकत नाही. साठवणीच्या वाफ्यांना देऊ नका, कारण ते वजन पाण्याचे असते, चाळीत सगळ्यात आधी तेच उडते आणि जाताना पत्ती (कांद्याची वरची साल) फोडून जाते. साठवणीचे वाफे आणि बाजाराचे वाफे मार्चमध्येच वेगळे ठरवणे, एवढा एक बदल केला तरी घरातला निम्मा वाद मिटतो.

काढणी आणि सुकवणी

निम्म्या माना आपोआप पडल्या की काढणी, हा जुना नियम आजही बरोबर आहे. सोडू नका. सोडायचा आहे तो ड्रम फिरवून पात लोळवण्याचा प्रकार. मान मुरगळली म्हणून कांदा पक्व होत नाही. पातीतले अन्न उतरायचे थांबते आणि मानेला जखम होते.

पण निम्म्या मानांची वाट बघताना आभाळाकडे लक्ष हवे. मेघदूत अ‍ॅपवर तालुक्याचा अंदाज बघा. हवामान विभागाचा कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. पाणी तोडलेल्या वावरावर पाऊस पडला तर थांबलेला कांदा पुन्हा मुळ्या सोडतो, पत्ती तडकते आणि तो कांदा साठवणीतून बाद होतो. म्हणून चार-पाच दिवसांत पावसाचा अंदाज असेल आणि चाळीस टक्क्यांच्या पुढे माना पडल्या असतील तर काढून घ्या. पंचवीस-तीस टक्केच पडल्या असतील तर काढू नका. कच्चा कांदा वाचवून चाळीत सडवण्यापेक्षा भिजलेला पक्व कांदा लगेच विकलेला बरा.

काढलेला कांदा वावरात तीन दिवस, फार तर पाच दिवस ठेवा. ओळीने असा मांडा की पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर येईल. हे आपल्या बायाबापड्यांना कोणी शिकवायला नको. ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि ती सोळा आणे बरोबर आहे. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या उन्हात उघडा कांदा भाजतो. वरच्या बाजूला पांढरट मऊ चट्टा पडतो आणि जुलैत तिथूनच सड सुरू होते. हल्ली टोळ्या काढणीबरोबरच पात कापून ढीग घालतात, त्यात ही पातीची सावली जाते. उक्ते ठरवतानाच सांगा की काढणी आणि कापणी यांत तीन दिवसांचे अंतर राहील. टोळी पुन्हा बोलवावी लागते आणि खर्च थोडा वाढतो. हा खर्च वाचवू नका.

कापताना मान एक इंच ठेवा. बारकाव्याने सांगायचे तर दोन ते अडीच सेंटिमीटर. मान पिळून मग कापली तर आणखी चांगले. घरची माणसे कापायची तेव्हा वेगळे सांगावे लागत नसे. उक्त्यात विळा कांद्याला लागूनच फिरतो, कारण त्याने हात लवकर चालतो आणि पाटी स्वच्छ दिसते. तिथे कांदा उघडा पडतो. पहिल्या तासाला टोळीजवळ थांबा, दहा पाट्यांतून मूठ-मूठ कांदा घेऊन बघा. दहात दोनपेक्षा जास्त कांदे बोडके निघाले तर तिथेच थांबवून सांगा. संध्याकाळी सांगून उपयोग नसतो.

यानंतरची पायरी आपल्याकडे सगळ्यात जास्त गाळली जाते आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होते. कापलेला कांदा थेट चाळीत भरायचा नाही. सावलीत १० ते १२ दिवस सुकवायचा. झाडाखाली, पडवीत किंवा शेडनेटच्या मांडवात फूट-दीड फुटापेक्षा जाड थर न करता पसरायचा. पूर्वी मे कोरडा होता आणि माल थोडा होता, त्यामुळे वावरातल्या पोळीतच पंधरा दिवसांत सुकवणी होऊन जायची. वेगळी पायरी लागतच नव्हती. म्हणून "आमच्या वेळी असे सावलीत-बिवलीत कोणी ठेवत नव्हते" हे म्हणणे खोटे नाही. आता पोळ घातली की पावसाची धाकधूक, म्हणून आपण पोळ सोडली. तिच्यात होणारी सुकवणीही तिच्याबरोबर गेली, हे लक्षात घ्यायचे राहून गेले.

सुकवणी पुरी झाली का हे तारखेवर ठरवू नका. मान अंगठा आणि बोटात धरून दाबा. आतली पात सरकली किंवा ओल लागली तर अजून वेळ आहे. मान कागदासारखी कडक लागली, मूठभर कांदे हलवले की वरची पत्ती खळखळली आणि रंग एकसारखा चढला की चाळीत न्या.

मध्येच पाऊस आला तर? कांद्यावर थेट ताडपत्री टाकून कडा मातीने दाबणे हा आपला पहिला हात असतो. तासाभरासाठी ठीक. पण तापलेला कांदा प्लॅस्टिकखाली घामेजतो, आणि रात्रभर तसा राहिला तर पावसाने झाले असते तेवढेच नुकसान घामाने होते. बांबू आडवे टाकून ताडपत्री कांद्यापासून हातभर उंच धरा, दोन्ही टोके उघडी ठेवा, पाऊस थांबला की लगेच काढा. एकदा नीट भिजलेला कांदा सुकवून चाळीत टाकू नका. तो वेगळा ठेवा आणि आठवडाभरात विका.

निवड

जोड कांदा, डोंगळे (फुलांचे दांडे) आलेला, चोपडा, जाड मानेचा, विळा लागलेला, चटका बसलेला, गोल्टी (बारीक कांदा). यातले काही चाळीत जात नाही. "खाली तळाला टाकू, चाळ भरून निघेल" ही समजूत महागात पडते, कारण तळालाच हवा कमी आणि भार जास्त. साठवणीला मध्यम कांदा, साधारण साडेचार ते सात सेंटिमीटर जाडीचा. फार मोठा कांदा दिसायला देखणा पण टिकायला कमी.

ट्रॉलीतून कांदा ओतताना कमरेपेक्षा उंचावरून पडू देऊ नका. चाळ भरताना ढिगावर चढून चालू नका, चालायचेच असेल तर फळी टाका. मुका मार आज दिसत नाही, दीड महिन्याने काळा पडतो.

चाळ

चाळ जितकी बंद तितका कांदा सुरक्षित, असे अजून अनेकांना वाटते. धान्याच्या कोठाराचा हा नियम कांद्याला लागू होत नाही, कारण कांदा चाळीतही श्वास घेत असतो आणि त्यातून उष्णता आणि ओल बाहेर पडते. ती निघून जायला चारी बाजूंनी, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे खालून, हवा लागते. तापमान २५ ते ३० अंश आणि हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्के असेल तर कांदा चांगला राहतो. आर्द्रता याहून खाली गेली की वजन घटते. वर गेली की सड आणि काजळी (काळी बुरशी). तापमान २५ च्या खाली उतरत गेले की कोंब. जून ते ऑगस्ट सडीचे आणि सप्टेंबरच्या शेवटापासून कोंबाचे दिवस असतात ते यामुळे.

मापे अशी धरा. एका पाखीची (कांदा भरायच्या लांब ओळीची) रुंदी चार फूट. कांद्याचा थर पाच फुटांपेक्षा उंच नाही. तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच, बांबू किंवा लाकडी पट्ट्यांचा, फटी दीड इंचाच्या आत. चाळीस फूट लांबीची दुपाखी चाळ या मापाने साधारण २५ टन धरते. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधा म्हणजे पश्चिमेचा वारा लांब बाजूवर येतो. दुपाखी पूर्व-पश्चिम. छपराचा पत्रा भिंतीबाहेर तीन फूट काढा, नाहीतर तिरपा पाऊस आत येतो. पत्र्याखाली किंवा वर उसाच्या पाचटाचा थर दिला तर दुपारची धग बरीच कमी होते.

ज्यांची चाळ आधीच सिमेंटच्या कोब्यावर आहे त्यांनी ती पाडायची गरज नाही. कोब्यावर विटांच्या ओळी लावून त्यावर बांबूचा ताटवा टाका आणि समोरासमोरच्या भिंतींत खाली झरोके पाडा. फूटभर पोकळी मिळाली तरी फरक दिसतो.

यंदा माल जास्त आहे म्हणून पाच फुटांवर सहा-सात फूट भरायचा मोह होतो. तो टाळा. वरच्या भाराने तळचा कांदा दबतो, मधली हवा कोंडते, आणि ढिगाच्या पोटात जे तापते ते बाहेरून हात लावून कळत नाही. जास्तीचा माल आजच विका.

पावसाळ्यात बाजूंना शेडनेट किंवा गोणपाटाचा पडदा गुंडाळता येईल असा लावा. पावसाच्या झडीत सोडायचा, झड थांबली की वर. पडदा जूनमध्ये सोडला आणि ऑगस्टमध्ये वर केला अशा चाळी दरवर्षी दिसतात, आणि त्यांच्याभोवती वासही दरवर्षी तोच असतो.

पावडरींबद्दल स्पष्ट लिहितो. कांद्यावर बीएचसी ही कीटकनाशक पावडर मारायची पद्धत एके काळी सर्रास होती. बीएचसीवर देशात १९९७ पासून बंदी आहे. आज तिच्याऐवजी मिळेल ते बुरशीनाशक किंवा कीटकनाशक पावडर कांद्यावर टाकली जाते. तो कांदा उद्या कोणाच्या तरी ताटात कच्चा जाणार आहे. शिवाय सड मानेतून आत गेलेली असते, पत्तीवरची पावडर तिथे पोचत नाही. चाळ रिकामी असताना तळ, ताटवे आणि खांब झाडून, धुऊन, औषध मारून पूर्ण वाळवा. कांदा आत आला की औषधाचे काम संपले.

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे कृषक हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. विकिरणाने कोंब येणे थांबते. सड आणि वजनातली घट थांबत नाही. त्यामुळे आधीच जाड मानेचा, ओला माल तिथे नेऊन काही साधत नाही. चांगला सुकवलेला कांदा, तोही काढणीनंतर थोड्याच आठवड्यांत, कोंब धरण्याआधी न्यावा लागतो.

चाळ भरल्यावर मोजायचे काय

"दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही" या नियमात एक शहाणपण आहे. सारखा ढीग उकरला की मार लागतो. पण हात न लावताही मोजता येते.

चाळ भरताना जाळीच्या सहा पिशव्या घ्या. प्रत्येकीत बरोबर १० किलो कांदा काट्यावर मोजून भरा, चिठ्ठी बांधा. दोन तळाशी कडेला, दोन मध्यावर कडेला, दोन वर, अशा ठेवा की ओढून काढता येतील. दर महिन्याच्या एक तारखेला वजन करा. सडलेले आणि कोंब आलेले कांदे काढून त्यांचे वजन वेगळे लिहा आणि चांगले परत ठेवा. अर्ध्या तासाचे काम आहे. घट किती, सड किती, कोंब किती, हे तीन आकडे वेगळे कळले की चूक कुठे झाली तेही कळते. पहिल्या महिन्यातच घट मोठी असेल तर पाणी उशिरा तोडले किंवा सुकवणी अपुरी राहिली. जुलै-ऑगस्टमध्ये तळच्या पिशव्यांत सड जास्त आणि वरच्या ठीक असतील तर खालची हवा कमी पडते. सगळ्या पिशव्यांत सारखीच सड असेल तर दोष मानेत आहे, चाळीत नाही.

जोडीला भोके पाडलेला एक पीव्हीसी पाइप भरतानाच ढिगाच्या मध्यात उभा करा आणि दोरीने तापमापक आत सोडा. सकाळी आत आणि बाहेर बघा. आतले तापमान बाहेरच्यापेक्षा सतत तीन-चार अंशांनी जास्त राहिले तर त्या भागातला माल आधी काढा. वास येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

दिवाळीचा भाव

थांबले की भाव मिळतो. या समजुतीने काही वर्षी लोकांची कर्जे फिटली आहेत, म्हणून ती सोडायला सगळ्यात जड जाते. तिच्यामागची परिस्थिती अशी होती की ऑगस्ट ते ऑक्टोबरात देशात साठवलेला कांदा मुख्यतः आपल्याकडचाच असायचा. आता मध्य प्रदेशात, गुजरातेतही उन्हाळ कांदा साठवला जातो. नाफेड आणि एनसीसीएफने घेतलेला सरकारी साठा भाव चढू लागला की बाजारात येतो. आणि निर्यातीचे दार कधी लागेल सांगता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, त्याच डिसेंबरात पूर्ण बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क आणि किमान निर्यात मूल्य राहिले, सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आले, एप्रिल २०२५ मध्ये शून्य झाले. दोन वर्षांत एवढे बदल होणार असतील तर सगळी चाळ एका महिन्याच्या भरवशावर ठेवणे धोक्याचे आहे.

त्यापेक्षा बरोबरीचा भाव काढा. सूत्र सोपे आहे. आजच्या भावाने होणारी रक्कम, अधिक साठवणीचा खर्च, भागिले विक्रीच्या दिवशी उरणारे क्विंटल. उदाहरणाला १०० क्विंटल माल आणि आजचा भाव १५०० रुपये धरू, म्हणजे दीड लाख. भरणे, निवडणे, पुन्हा काढणे आणि व्याज मिळून १५ हजार धरू. पाच महिन्यांनी ७० क्विंटल उरला तर १,६५,००० भागिले ७०, म्हणजे क्विंटलला २,३५७ रुपये मिळाले तेव्हा कुठे आजच्या एवढे पैसे झाले. ६० क्विंटलच उरला तर हाच आकडा २,७५० होतो. ८० उरला तर २,०६३. ऑक्टोबरात २,२०० चा भाव आला की एकाच गावात एक जण नफ्यात आणि दुसरा तोट्यात असतो तो असा.

इथे पिशव्यांचे आकडे कामाला येतात. उरणारे क्विंटल अंदाजाने धरू नका, दर महिन्याच्या वजनावरून धरा. जुलैच्या एक तारखेला दहा किलोतले साडेआठच चांगले उरले असतील तर बरोबरीचा भाव नव्याने काढा आणि त्या आठवड्याच्या लिलावाशी ताडून बघा.

विक्रीचे तुकडे करा. निवडीत बाहेर पडलेला सगळा माल आणि साठवणीतला साधारण तिसरा हिस्सा मे-जूनमध्ये. दुसरा हिस्सा जुलै-ऑगस्टमध्ये, बरोबरीच्या भावाच्या वर गेल्याबरोबर. उरलेला ऑक्टोबरच्या आत, कारण त्यानंतर नवा लाल कांदा बाजारात उतरायला लागतो आणि इकडे थंडी सुरू होऊन आपला कांदा कोंब धरायला लागतो. ज्याला जूनमध्ये सोसायटीचे किंवा दुकानदाराचे देणे आहे त्याने पहिला हिस्सा मोठा करावा. देण्याचे व्याजही साठवणीच्या खर्चातच येते.

घरात बदल कसा करायचा

आबांना "तुमचे चुकले" असे म्हणून एकही पाणी तुटणार नाही. "आबा, एवढा एक खण माझ्या पद्धतीने भरू द्या, बाकीची चाळ तुम्ही सांगाल तशी," हे चालते. खण मात्र प्रामाणिक निवडा. त्याच वावरातला, त्याच दिवशी काढलेला, त्याच उंचीचा माल शेजारच्या खणातही हवा. एका वर्षी एकच गोष्ट बदला. मान एक इंच ठेवणे आणि सावलीत सुकवणे दोन्ही एकदम केले तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. दोन्ही खणांत पिशव्या ठेवा आणि वजन आबांच्या समोर, शक्य तर त्यांच्याच हातून करा. ज्यांनी चाळीस वर्षे हातात घेऊन कांदा पारखला त्यांना काट्यावरचा फरक समजावून सांगावा लागत नाही. आणि आकडा त्यांच्या बाजूने निघाला तर तोही तसाच लिहा.

पहिल्या वर्षी सुकवणी बदला, पुढच्या वर्षी मान, मग चाळीचा तळ. खर्च कमी आणि फरक जास्त असा हा क्रम आहे. युरिया आणि पाणी कमी करायला खर्च येत नाही, पण धीर लागतो, म्हणून तिथे चार वाफ्यांपासून सुरुवात करा.

ऑक्टोबरात चाळ रिकामी करताना सगळा माल एकदम ट्रॉलीत भरू नका. जो कांदा पाच महिन्यांनी कडक आहे, पत्ती धरून आहे, कोंब नाही, एकाच डोळ्याचा आणि आपल्या जातीच्या रंगाचा आहे तो बाजूला काढा. बियाण्याच्या डोंगळ्यांसाठी चाळीच्या तळातून कांदा निवडायची ही रीत जुनी आहे आणि तिच्यापुढे कुठली नवी पद्धत नाही, कारण पाच महिन्यांत चाळीने स्वतःच निवड करून दिलेली असते. दुसऱ्या जातीच्या डोंगळ्यांपासून किमान ५०० मीटर लांब लावा, नाहीतर मधमाश्या ही निवड मोडून टाकतील. ताटवे, तळ झाडून सडका कांदा चाळीजवळ न ठेवता लांब खड्ड्यात पुरा. पिशव्यांची वही मात्र बियाण्याच्या डब्यातच ठेवा. रोपे टाकायच्या दिवशी ती हाताशी लागते.